कागदावरची बहीण

तेरियोचं पूर्ण नाव एलेउतेरियो तोपासियो. मनिलाच्या आखाताकाठी रोसारियो म्हणून गाव आहे, तिथला तो. त्याचे ताताय, म्हणजे वडील, होडी घेऊन समुद्रावर जायचे आणि नानाय, म्हणजे आई, आलेले मासे भुशाच्या धुरावर टाकून दुसऱ्या दिवशी बाजारात विकायची. मी शेजारच्या नोव्हेलेताचा. नाव अंब्रोसियो, पण आयुष्यभर अंबोच राहिलो. १९६४ साली आम्ही दोघं एकाच दिवशी अमेरिकेच्या नौदलात भरती झालो. त्याआधी ओळख नव्हती. भरतीच्या रांगेत तो माझ्या पुढे उभा होता आणि त्याच्या शर्टाला धुराचा वास येत होता, एवढंच आठवतं.

सँग्ली पॉइंटला तेव्हा अमेरिकनांचा तळ होता. आमच्या भागातला जरा बरं इंग्रजी बोलणारा प्रत्येक पोरगा तिथे अर्ज टाकायचा. हजारो अर्ज यायचे, मूठभर पोरं घ्यायचे. काम काय मिळणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, त्यांच्या खोल्या झाडायच्या, बूट चमकवायचे. आम्हांला दुसरं काम देतच नसत. पण नीट नोकरी केली की पुढे तिकडचं नागरिकत्व मिळतं, मग घरच्यांनाही नेता येतं, असं आधी गेलेले सांगत. त्या एका आशेवर आम्ही पांढरे कोट घालून ट्रे उचलायला तयार होतो.

अट एक होती. पोरगा अविवाहित हवा, मागे बायको नको, मूल नको. फॉर्मवर तशी ओळच होती.

तेरियोला बोलावणं आलं तेव्हा मेदिंगला तिसरा महिना चालू होता. मेदिंग त्यांच्याच गल्लीतली, नानायकडे मासे साफ करायला यायची. तेरियो वीस वर्षांचा, ती अठराची. लग्न करायचं दोघांचं ठरलं होतं, फक्त सँग्लीचं पत्र येतं की नाही एवढं बघत होते. पत्र आलं तेव्हा घरात काय बोलणं झालं, ते तेरियोनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं.

"फादरकडे जाऊन लग्न लावून घेतो," तेरियो म्हणाला.

"लाव," नानाय म्हणाली. "चर्चच्या वहीत नाव चढलं की सँग्लीवाले तुला परत पाठवतील. मग बसा दोघं जन्मभर मासे धुरावत."

"मग मेदिंगचं काय करू?"

"मेदिंग माझ्याकडे राहील. मूल झालं की माझ्या नावावर लावू. मला अजून पंचेचाळीस व्हायचीत. गाव हसेल थोडे दिवस, मग विसरेल. चार वर्षांनी तू ये, थाटात लग्न कर. तेव्हा कोण काय विचारणार आहे?"

ताताय जाळं दुरुस्त करत होते. मेदिंग तिथेच खाली बसून माशांची आतडी काढत होती. तिला कोणी काही विचारलं नाही आणि तिचा हातही थांबला नाही. तेरियो म्हणायचा, "पारे, तिनं नुसतं वर बघितलं असतं तरी मी गेलो नसतो." आम्ही दोस्त एकमेकांना पारे म्हणतो. पण तो गेला असता, हे त्यालाही माहीत होतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये आमचं जहाज सान दिएगोच्या बंदरात होतं. टपाल आलं की आम्ही फिलिपिनो पोरं अधिकाऱ्यांच्या भोजनगृहामागच्या अरुंद खोलीत जमायचो आणि एकमेकांची पत्रं मोठ्यानं वाचायचो. त्या दिवशी तेरियोचं पत्र दुसऱ्याच कुणाच्या हाताला लागलं. त्यानं वाचलं, "तुला बहीण झाली. नाव झेनायदा ठेवलं आहे. दोघी सुखरूप आहेत."

खोलीत एकच हशा पिकला.

"काय रे तेरियो, तुझे ताताय समुद्रावर जातात की घरीच असतात?"

"वीस वर्षांनी पाळणा! त्या माशांत काय घालतात विचार रे. माझ्या बापालाही दोन पाठव."

"नानायला सलाम कळव आमचा."

तेरियोही हसला. त्यानं सगळ्यांना सिगारेटी वाटल्या. मग कामाला लागला आणि चांदीचे चमचे पुसायला घेतले. मी त्याच्या शेजारी होतो. पाच मिनिटं झाली तरी त्याच्या हातात एकच चमचा.

"पारे, बहीण झाली तर एवढं तोंड पाडून का बसलायस?" मी विचारलं.

"पत्रात लिहिलंय दोघी सुखरूप," तो म्हणाला. "दोघी. म्हणजे मेदिंग बरी आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवसापासून हे गुपित माझंही झालं.

चार वर्षांनी, १९६८ च्या अखेरीस, त्याला पहिली मोठी सुट्टी मिळाली. त्यानं मेदिंगसाठी लग्नाचं कापड घेतलं होतं. ते बॅगेत सगळ्यांत वर ठेवलं होतं, चुरगळू नये म्हणून. रोसारियोला पोचला तर मेदिंग नव्हती. सात महिन्यांपूर्वी ती मिंदोरो बेटावरच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याशी लग्न करून निघून गेली होती. नानायनं पत्रात काहीच कळवलं नव्हतं.

"भांडण झालं का?" त्यानं विचारलं.

"नाही रे. चांगली वागायची," नानाय म्हणाली. "पोर तिला आते म्हणायची." आते म्हणजे आमच्याकडे ताई. "आम्हीच तसं शिकवलं होतं. एकदा पोरीला ताप चढला. मेदिंग तिला रात्रभर मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी पोर जागी झाली, तिच्या मांडीवरून उतरली आणि 'नानाय, नानाय' करत माझ्याकडे आली. मेदिंगनं त्या दिवशी अन्नाला शिवलं नाही. पुढच्या महिन्यात गेली."

तेरियो बातांगासच्या धक्क्यापर्यंत गेला. मिंदोरोच्या बोटीचं तिकीट काढलं. बोट सुटली तेव्हा तो धक्क्यावरच उभा होता. घरी परतला तर अंगणात तीन वर्षांची झेनी एका कोंबडीमागे धावत होती. त्याला बघून थांबली आणि नानायनं शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "कुया." थोरल्या भावाला आम्ही कुया म्हणतो.

तेव्हाच सगळं मोकळं करता आलं असतं, असं मी त्याला पुष्कळदा म्हटलं. तो म्हणायचा, भरतीच्या फॉर्मवर खोटं लिहिलंय, कळलं तर काढून टाकतील, मग चार वर्षं बूट पुसले ते कशासाठी? त्यानं पुन्हा करार केला. लढाईचा काळ होता. लढाईच्या दिवसांत नोकरीत असलेल्यांना नागरिकत्व लवकर मिळत होतं.

माझं १९७२ साली झालं, त्याचं त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा अर्जदाराबरोबर दोन साक्षीदार न्यावे लागायचे, हा माणूस सचोटीचा आहे असं लिहून देणारे. त्यातला एक मी होतो. अधिकारी म्हातारा होता, चष्मा कपाळावर सरकवून प्रश्न विचारत होता.

"लग्न?"

"नाही."

"मुलं?"

तेरियो थांबला. क्षणभरच, पण मला तो फार लांब वाटला. अधिकाऱ्यानं वर बघितलं, त्याला वाटलं इंग्रजी समजलं नाही. त्यानं पुन्हा, सावकाश विचारलं, "तुम्हांला मुलं आहेत का?"

"नाही," तेरियो म्हणाला.

मीही माझ्या कागदावर सही केली.

त्या दिवशी शपथ झाली, हातात लहान झेंडे मिळाले. आम्ही बंदराजवळच्या एका खाणावळीत अंडी आणि भात खायला बसलो. मी त्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, "पारे, आधी नुसतं लिहिलं होतं. आज हात वर करून सांगून आलो." पुढे कुठलं जहाज, कधी निघायचं, असलं काहीबाही आम्ही बोलत राहिलो.

नंतर नियम बदलले, आम्हांलाही दुसरी कामं मिळू लागली. मी यंत्रांच्या खात्यात गेलो. तेरियो स्वयंपाकी झाला. हात चांगला होता त्याचा. जहाजावरची गोरी पोरंही त्याच्या हातचा भात मागून खायची. त्यानं लग्न केलं नाही. सान दिएगोत आमच्या लोकांची कमी नव्हती, माझ्या बायकोनं दोन-तीन मुली सुचवल्या. एकीकडे तर तो चहालाही जाऊन आला. पण पुढे काही नाही. "फॉर्म भरायचा म्हटला की मी पळ काढतो," असं तो हसत सांगायचा.

दर दोन-तीन वर्षांनी तो रोसारियोला जायचा. दर वेळी झेनीसाठी बूट न्यायचा आणि दर वेळी ते लहान व्हायचे, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मागच्या सुट्टीतली पोर असायची. ती नऊ वर्षांची असताना तिनं त्याला विचारलं होतं, "कुया, तुम्ही लग्न का करत नाही? वहिनी आली असती तर माझी वेणी घातली असती. नानायचे हात दुखतात आता."

"मी घालतो की," तो म्हणाला.

"तुम्हांला येते?"

"जहाजावर दोर बांधायला शिकवतात."

ती त्याच्याकडे पाठ करून बसली. वेणी सैल झाली, शाळेत पोचेपर्यंत सुटली. हा प्रसंग तो मला दर नाताळला सांगायचा, जणू काल घडला.

वीस वर्षं पुरी करून १९८५ साली तो निवृत्त झाला. त्याच वर्षी नानाय गेली. ताताय आधीच गेले होते. शेवटच्या आठवड्यात तो तिच्याजवळ होता. नानायनं त्याला सांगितलं, "पोरीला बोलू नकोस. मला तिची आई म्हणूनच जाऊ दे." त्यानं हो म्हटलं. मरणाऱ्या आईला तो दुसरं काय म्हणणार होता?

पुढच्या वर्षी तो एका फिलिपिनो वकीलबाईंकडे गेला. मी बरोबर होतो. त्या काळात मी त्याच्याबरोबर सगळीकडे असायचो. बाईंनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं.

"मुलगी म्हणून अर्ज केलात तर लवकर येईल," त्या म्हणाल्या. "पण मग ती तुमची मुलगी आहे हे दाखवावं लागेल. आणि ७३ साली तुम्ही शपथेवर उलटं सांगितलंय. नागरिकत्व काढून घेतीलच असं नाही. पण घेऊ शकतात."

"आणि बहीण म्हणून?"

"बहीण म्हणून तुमचे सगळे कागद पक्के आहेत. पण वीस वर्षं लागतील. जास्तच. आणि हे मी ऐकलेलं नाही. तो अर्ज मी भरणार नाही."

बाहेर येऊन तो गाडीत बराच वेळ किल्ली न लावता बसला होता. मग म्हणाला, "वीस वर्षं तर आत्ताच गेली की. आणखी वीस जातील." पोस्टातून फॉर्म आणून त्यानं स्वतः भरला. नातं: बहीण.

सान दिएगोला लागूनच असलेल्या नॅशनल सिटीत त्यानं एक खोली घेतली आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. मुलं त्याला मिस्टर टी म्हणायची. झेनी शिक्षिका झाली, कारखान्यात काम करणाऱ्या रोदेल नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं, एक मुलगी झाली, एक मुलगा झाला. रविवारी फोन व्हायचा. "कुया, नंबर कुठवर आला?" "सरकतोय, सरकतोय. ७९ साल चालू आहे." म्हणजे ७९ साली आलेले अर्ज आता कुठे हातात घेतले होते. त्या रांगेत आमच्या देशाचं एक वर्ष पुढे सरकायला कधी दीड वर्ष लागायचं, कधी दोन. कुठल्या सालापर्यंतचे अर्ज आले ते सांगणारं सरकारी पत्रक तो दर महिन्याला आणून फ्रिजवर लावायचा.

२००७ साली नंबर जवळ आला तसं त्यानं दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. तिथे गेलो तर खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे.

"पारे, हे काय? त्रेसष्टाव्या वर्षी नवरी आणतोस की काय?"

"झेनीला आवडतील," तो म्हणाला. "मुलांसाठी दोन मजली पलंग बघून ठेवलाय. इथे आल्यावर, महिनाभर गेला की सांगेन तिला. शांतपणे बसून."

पण मनिलातल्या अमेरिकन वकिलातीनं शेवटच्या टप्प्यावर हरकत काढली. झेनीचा जन्म घरात झालेला, नोंद उशिरा केलेली, आईचं वय पंचेचाळीस. भावाबहिणीचं नातं पटवायला दोघांच्या लाळेची तपासणी करून घ्या, असं त्यांनी सुचवलं. झेनीनं फोनवर हसत सांगितलं, "कुया, आपण भाऊबहीण आहोत की नाही हे आता थुंकून ठरणार." तिनं मनिलातल्या प्रयोगशाळेची वेळही घेऊन टाकली होती. मंगळवारची.

तेरियो माझ्याकडे आला. "तू चल माझ्याबरोबर," म्हणाला. "माझं तोंड बंद पडलं तर तू बोल."

शनिवारी दुपारी आम्ही झेनीच्या घरी पोचलो. रोदेल कामावर होता, मुलं बाहेर गेली होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या तपासत होती आणि मागे चुलीवर चिंचेच्या पाण्यातली मासळी शिजत होती. न कळवता आलेला भाऊ बघून तिला आनंद झाला, मग काळजी वाटली.

"तब्येत बरी आहे ना, कुया? तियो अंबो, काय झालंय यांना?" तियो म्हणजे काका.

"झेनी, मंगळवारी जाऊ नकोस," तेरियो म्हणाला. "त्या तपासणीत आपण भाऊबहीण निघणार नाही."

"म्हणजे मला कुठून आणलं होतं का? नानायनं?"

"आणलं नाही. तू माझी आहेस."

"तुमचीच आहे की."

"तसं नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं. एवढ्या लांबून मी त्याच कामासाठी आलो होतो, आणि मी टेबलावरच्या वह्या मोजत होतो. शेवटी तोच बोलला, "मेदिंग नावाची मुलगी होती. ती तुझी आई. मी बाप."

झेनीनं लाल पेनाला टोपण लावलं. उठून चूल बंद केली. परत येऊन बसली.

"कोण मेदिंग? मिंदोरोची बाई?"

"हो."

"नानायच्या अंत्यविधीला आली होती ती? मला धरून रडली होती. तुम्ही सांगितलं, जुनी कामवाली आहे, नानायवर जीव होता तिचा."

"हो."

"कुठे आहे ती?"

"नव्याण्णव साली गेली."

झेनीनं वरची वही मिटली. मग म्हणाली, "मी तिला कॉफी दिली होती. साखर किती घालू म्हणून विचारलं. ती म्हणाली, तू घालशील तेवढी." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मला वाटलं, किती लाघवी बाई आहे."

तेरियोनं भरतीचा फॉर्म, नानायचं म्हणणं, वकीलबाई, सगळं सांगितलं. सांगताना त्याचा क्रम चुकत होता, मी मधे मधे तो लावून देत होतो. तेवढं मला जमलं.

"एका ओळीसाठी?" झेनी म्हणाली.

"तेव्हा आमच्याकडे तेवढा एकच रस्ता होता."

"तेव्हाचं सोडा. नंतर? त्रेचाळीस वर्षांत एक दिवस सापडला नाही?"

"सापडले. पुष्कळ सापडले. दर वेळी वाटायचं, आता थोडंच राहिलंय. तू तिकडे पोचलीस की सांगू."

"म्हणजे तिथे नेऊन, परक्या देशात, परतायची सोय नसताना सांगणार होता." तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत मुलांना समजावून सांगावं तसं ती बोलत होती. "बावीस वर्षं मी भावाकडे जायची तयारी करत होते. तो भाऊ मला फार आवडायचा. आता तोही नाही." तिनं वह्या एकावर एक रचल्या. "जेवून जा दोघं. मासळी झालीय."

आम्ही जेवलो. तीही बसली. कोणी कोणाला वाढलं नाही, ज्यानं त्यानं आपापलं घेतलं.

मंगळवारी ती गेली नाही. अर्ज तसाच पडून बाद झाला. रोदेलनं तिच्याशी दोन महिने अबोला धरला. मुलांची तर लहानपणापासून अमेरिकेची स्वप्नं रंगवून झाली होती, त्यांना आईनं एवढंच सांगितलं की कागदांत खोट निघाली. तेरियोनं तिला पत्र लिहिलं की मी तुझ्या जन्माच्या नोंदीत माझं नाव लावून घेतो, मग माझ्या नागरिकत्वाचं जे व्हायचं ते होवो. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. माझी पदवी, नोकरी, लग्न, मुलांचे दाखले, सगळं नानायच्या नावावर उभं आहे. त्याला आता हात लावू नका.

तीन वर्षं त्यानं त्या दोन खोल्यांच्या घरात काढली. मग पडदे काढून माझ्या बायकोला दिले आणि कायमचा रोसारियोला परतला. झेनीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यानं एक माडी भाड्यानं घेतली आहे. आता तो आपल्या गावात परदेशी म्हणून राहतो. पासपोर्टवर वर्षभर राहायचा शिक्का मिळतो, तो संपायच्या आत देशाबाहेर जाऊन यावं लागतं. पुन्हा फिलिपिन्सचं नागरिकत्व घेता येतं, पुष्कळांनी घेतलंय. त्यानं फॉर्म आणला होता. त्यातही मुलांची नावं लिहायला रकाने आहेत. तो फॉर्म तसाच कपाटात आहे.

मागच्या फेब्रुवारीत मी त्याच्याकडे पंधरा दिवस राहिलो. आम्ही दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. रविवारी चर्च सुटल्यावर झेनी डबा घेऊन आली. तिचे केस पांढरे झालेत, चालताना तेरियोसारखाच उजवा पाय जरा बाहेर टाकते. वाटेत कुणी शेजारी भेटले तर ती म्हणते, "कुयाकडे चाललेय." माडी चढून आली की काहीच म्हणत नाही. नुसती सुरुवात करते.

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"पाठीचं कसं आहे?"

"तेच आहे. मुलीचा फोन आला होता का?" झेनीची मुलगी रियाधला परिचारिका आहे.

"आला होता. उकाडा वाढलाय म्हणाली."

असं त्यांचं अर्धा तास चालतं. त्याला हाक न मारता बोलायची तिला इतकी सवय झाली आहे की परक्या माणसाच्या ध्यानातही येणार नाही. तेरियो हात धुवायला आत गेला तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "राग गेला का गं?"

"राग कधीच गेला, तियो," ती म्हणाली. "एकदा म्हणून पाहिलं मी, ताताय. घरी, आरशासमोर. ते होडीवाले म्हातारेच डोळ्यांसमोर आले. मी त्यांच्याच खांद्यावर मोठी झाले ना." मग ती रिकामा डबा घेऊन जिना उतरली.

त्या आठवड्यात त्याच्या शिक्क्याची मुदत संपत होती. तो दर वर्षी हाँगकाँगला जातो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं, पण तो तीन दिवस राहतो. झेनीला त्यानं विचारलं होतं, चल, मुक्काम करू, समुद्र बघू. तिच्या शाळेच्या परीक्षा होत्या. गुरुवारी सकाळी मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो. बाहेर बाकावर बसून आम्ही पाव खाल्ला.

"तीन दिवस एकटा काय करतोस रे तिथे?" मी विचारलं.

"काही नाही. बोटीतून या काठावरून त्या काठावर जातो. एक हॉटेल आहे छोटं, नेहमीचं. तिथला म्हातारा बोलका आहे." त्यानं पावाचे कण पँटवरून झटकले. "मागच्या खेपेला त्यानं विचारलं, मुलंबाळं किती? मी म्हटलं, एक मुलगी आहे. शाळेत शिकवते."

"मग?"

"मग काय. तो म्हणाला, छान. आणि खोलीची किल्ली दिली."

त्याच्या विमानाची सूचना झाली. त्यानं बॅग उचलली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला.